‘यांना सवय असते’: सिकलसेलची वेदना, विजेचं छोटं मशीन आणि आपली चळवळ

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पूर्व विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात रात्री अकराच्या सुमारास आम्ही एका तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन पोचलो. एसएस पॅटर्नची सिकलसेल पेशंट. कंबर, मांड्या आणि पाठ दुखत होती. ती रडत नव्हती. ओठ घट्ट दाबून, गुडघे पोटाशी घेऊन बाकावर पडली होती. तिच्या आईने तीनदा जाऊन सांगितलं, “मॅडम, पोरीची हाडं फुटून राहिली जी.” चौथ्या वेळी ड्युटीवरच्या बाईंनी वर न बघता उत्तर दिलं, “सिकलवाली आहे ना? यांना सवय असते. सलाईन लावू, सकाळी डॉक्टर येतील.”

सकाळी डॉक्टर आले, सलाईन लागली, पॅरासिटामॉल मिळालं. मधले दहा तास त्या मुलीने कसे काढले असतील, ते कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. केसपेपरवर वजन आहे, ताप आहे, नाडी आहे. दुखणं किती, याची नोंद नाही. जे लिहिलं जात नाही त्यावर उपचारही होत नाही.

मी त्या बाईंचं किंवा दवाखान्याचं नाव घेणार नाही. हा प्रश्न एका नर्सच्या स्वभावाचा नाही. एका वॉर्डात चाळीस पेशंट सांभाळणारी बाई दमते, हे मलाही कळतं. पण दमलेल्या माणसाच्या तोंडून जे वाक्य सहज निघतं ते त्याच्या एकट्याचं नसतं. ते समाजाने त्याच्या तोंडात आधीच ठेवलेलं असतं. ‘यांना सवय असते’ यातले ‘हे’ कोण, हे तुम्हाला-मला सांगायला नको.

वेदना न मानण्याचा इतिहास

मुलांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, वेदना नीट जाणवतच नाही असं मोठमोठे डॉक्टर मानत होते, आणि हे फार जुनं नाही. अगदी 1980 च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या नामांकित इस्पितळांतही नवजात बाळांवर नावापुरती भूल देऊन शस्त्रक्रिया होत. 1987 मध्ये कन्वलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पुरेसं वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि ती बरी सावरतात. बाळं आधीही ओरडतच होती. ते ओरडणं पुरावा म्हणून स्वीकारायला विज्ञानाला इतकी वर्षं लागली.

आता त्यात वंश मिसळा. 2016 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांचा काळ्या माणसांच्या शरीराविषयी काही ना काही खोटा समज होता. काळ्यांची कातडी जाड असते, हा त्यातलाच एक. असे समज जास्त असलेल्यांनी काळ्या पेशंटच्या वेदनेला कमी गुण दिले आणि उपचारही कमी अचूक सुचवले. त्याच्या आदल्या वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की ॲपेंडिक्सने तळमळणाऱ्या काळ्या मुलांना गोऱ्या मुलांपेक्षा प्रभावी वेदनाशामक कमी वेळा मिळतं.

आपल्याकडे जात आणि वेदनाशामक यांचा असा हिशेब कोणी मांडलाय का? मी समाजशास्त्रात एमए केलं, जातीवर ढीगभर वाचलं. विहीर, मंदिर, शाळा, नोकरी, भाड्याचं घर, सगळीकडची जात मोजलेली सापडली. वॉर्डातल्या खाटेवरची जात मात्र फारशी कोणी मोजलेली दिसली नाही.

हा आजार आपल्या घरातला आहे

सिकलसेल म्हणजे काय, ते विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सांगावं लागत नाही. पण मराठवाड्यातले, पुण्या-मुंबईतले साथी वाचत असतील म्हणून थोडक्यात सांगते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मतः एक बदल असतो. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढचा भाग रक्तावाचून तडफडतो. तीच ती वेदना. सहा महिन्यांच्या बाळाचे हातपाय सुजतात तिथपासून ती सुरू होते. वारंवार झटके आल्यावर खुब्याचं हाड झिजतं, आणि नसा इतक्या हुळहुळ्या होतात की झटका नसतानाही दुखणं राहतं. मग तो नुसता झटका राहत नाही, रोजची वेदना होते. मुलगी शाळेत बाकावर बसू शकत नाही. सर म्हणतात, “नाटकं करते.”

हा जनुकीय बदल टिकला तो मलेरियामुळे. ज्यांच्यात तो एकाच पालकाकडून आला, त्या एएस वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळालं. त्यात कोणाचं पाप नाही आणि कोणाचा शाप नाही. मात्र तो काही समाजांतच इतका दाट का राहिला? 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचं मर्म सांगितलं होतं: जातीतल्या जातीत लग्न. जंगल आणि डास यांनी दिलेलं जनुक जातीच्या कुंपणाने पिढ्यान् पिढ्या आत कोंडून ठेवलं. आई-वडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात याचं प्रमाण मोठं आहे. काही सर्वेक्षणांत आपल्या समाजात साधारण दर पाच माणसांमागे एक वाहक सापडला. तेली, कुणबी समाजांतही तो आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली ती 1958 साली, म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धम्मक्रांतीनंतर दोनच वर्षांनी. तेव्हापासून हे माहीत आहे.

तरीही बराच काळ ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ असं शिकवलं गेलं. काही भागांतल्या रुग्णांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण त्यांच्या रक्तात बाल्यावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. पण विदर्भातल्या वॉर्डांत तीव्र आजाराची मुलं येत राहिली, नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी ती नोंदवलीही. ‘सौम्य’ हा शब्द कागदावर तांत्रिक असेल. खाटेजवळ पोचेपर्यंत त्याचा अर्थ होतो, ‘यांना सवय असते.’

विजेचं मशीन: कोणाला काय मिळतं?

आता मुद्द्यावर येते. औषधाशिवाय, नसांना विजेचा सौम्य झटका देऊन वेदना कमी करण्याच्या पद्धती जगभर वाढतायत. त्यामागचा विचार 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडला. मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक असतं. स्पर्श, थरथर यांचे संदेश त्या फाटकात गर्दी करतात तेव्हा वेदनेचा संदेश मेंदूकडे कमी जातो. लेकराला लागलं की आई जागा चोळते, तेव्हा ती हेच करत असते.

या विचारातून टेन्स नावाचं मशीन आलं. मोबाईलएवढं, बॅटरीवर चालणारं. कातडीवर चिकटवायच्या दोन किंवा चार पट्ट्या. मुंग्या आल्यासारखं वाटतं, चटका बसत नाही. बाजारात दोन-तीन हजारांत मिळतं आणि फिजिओथेरपी विभागांत बहुधा असतंच. याच कुळातली दुसरी टोकाची गोष्ट बघा. अमेरिकेत 2019 मध्ये कानामागे लावायच्या एका उपकरणाला 11 ते 18 वयाच्या मुलांच्या दीर्घकालीन पोटदुखीसाठी मान्यता मिळाली. कानाभोवतीच्या नसांना सूक्ष्म वीज द्यायची, आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे. त्याआधी 115 मुलांवर रीतसर प्रयोग झाला. निम्म्यांना खरं उपकरण, निम्म्यांना खोटं. खऱ्या उपकरणाच्या गटातल्या मुलांचं दुखणं जास्त कमी झालं. आणखी वरच्या पायरीवर मज्जारज्जूत बसवायची यंत्रं आहेत, त्यांचा खर्च लाखांच्या घरात जातो.

मग सिकलसेलच्या मुलांसाठी काय? 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने सिकलसेलच्या वेदनेवर टेन्सचा किती उपयोग होतो, याचा जगभरातला पुरावा तपासला. निकषांत बसणारा किती पुरावा सापडला? एक प्रयोग. 22 रुग्ण. तोही 1980 च्या दशकातला. त्यावरून उपयोग होतो असंही म्हणता येत नाही, होत नाही असंही म्हणता येत नाही, एवढाच निष्कर्ष निघाला.

साथींनो, इथे थांबून विचार करा. ‘पुरावा नाही’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. तपासून पाहिलं आणि उपयोग दिसला नाही, हा एक. कोणी तपासलंच नाही, हा दुसरा. आपल्या मुलांच्या वाट्याला दुसरा आलाय. अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस हा मुख्यतः गोऱ्यांमध्ये आढळणारा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलचे रुग्ण तिथे त्याच्या साधारण तिप्पट, आणि दरडोई संशोधनाचा पैसा मात्र सिस्टिक फायब्रोसिसला कितीतरी जास्त. पुराव्याच्या रिकाम्या कपाटामागेही सामाजिक कारण असतं.

मी अंधश्रद्धेच्या जागी मशीनश्रद्धा बसवायला निघालेले नाही. बुद्धाने कालामांना सांगितलं ते आपल्याला माहीत आहे: परंपरा म्हणून नाही, कोणी मोठ्याने सांगितलं म्हणून नाही, तपासून घ्या. त्या मुलीला नंतर आम्ही ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी खुब्याच्या रोजच्या दुखण्यासाठी व्यायाम शिकवले, शेक दिला आणि टेन्सही लावलं. चार आठवड्यांनी ती म्हणाली, “ताई, आता रातीले झोप लागते.” मशीनमुळे, व्यायामामुळे, की पहिल्यांदा कोणीतरी तिला ‘किती दुखतं?’ असं विचारलं म्हणून? मला सांगता येणार नाही. एका मुलीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून तर आपली मागणी रीतसर अभ्यासाची आहे.

आणि ‘सिकलसेल मुळापासून बरा करणारं’ मशीन विकायला कोणी वस्तीत आला, तर त्याला हाकलून द्या. टेन्स रक्त बदलत नाही. हायड्रॉक्सीयुरिया बंद करून मशीन लावणं म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ आहे. ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, हातापायातली ताकद जाणं यांपैकी काहीही झालं तर थेट दवाखाना. झटक्यात बर्फ लावायचा नाही, थंडीने पेशी आणखी वाकतात. मशीन लावायचं ते तज्ज्ञाला विचारून. पेसमेकर असेल तर नाही, गळ्यावर नाही, जखमेवर नाही.

‘आधी मूलभूत गरजा बघा’

हा आक्षेप आपल्याच बैठकीत आला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “ताई, आपल्या पोरांना हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर मिळत नाही अन् तुम्ही विदेशी मशीनच्या गोष्टी करता.” त्यांचा राग रास्त आहे. पण त्यातला तर्क मला मान्य नाही.

चवदार तळ्याचं पाणी पुरतं मिळाल्यावर मग गोलमेज परिषदेचं बघू, असं बाबासाहेब म्हणाले नाहीत. पाणी, मतदान, शिक्षण, राजकीय प्रतिनिधित्व, सगळं एकाच वेळी मागितलं. ‘आधी भाकर, मग बाकी’ ही रांग गरिबाने लावलेली नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने लावलेली आहे. शहरातल्या खाजगी पेन क्लिनिकमध्ये पैसेवाल्याच्या मुलाला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ एकत्र तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी हेच सांगितलं आहे: शारीरिक, मानसिक आणि औषधी उपचारांची एकत्र सांगड. ती सूचना सर्व मुलांसाठी आहे. तिच्यात ‘बीपीएल वगळून’ असं लिहिलेलं नाही.

आणि मूलभूत गरजेचंच बोलायचं तर मॉर्फिनबद्दल बोला. झटक्याच्या तीव्र वेदनेवर जगभर वापरलं जाणारं हे औषध. ते ज्या अफूपासून बनतं, ती अफू मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, माल परदेशीही जातो. आणि 2017 च्या लॅन्सेट आयोगाच्या हिशेबाने भारतात अशा वेदनाशामकांची गरज भागते ती जेमतेम 4 टक्के. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने दवाखाने इतके धास्तावले, की 2014 मध्ये दुरुस्ती करून नियम सोपे केले तरी तालुक्याच्या कपाटात मॉर्फिन दिसत नाही. आपल्याच मातीत पिकणारं औषध आपल्या लेकरापर्यंत पोचत नाही.

कार्ड मोजणारं मिशन

1 जुलै 2023 रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. 2047 पर्यंत निर्मूलन, सात कोटी लोकांची तपासणी. तपासणी हवीच, मी स्वतः शिबिरांत उभी राहते. पण दोन प्रश्न विचारायला हवेत. एक: मिशनचा भर आदिवासी क्षेत्रावर आहे. आदिवासींचा हक्क पहिला, यात वाद नाही. मग विदर्भातल्या बौद्ध वस्त्या कोणत्या रकान्यात? गावात गोंडांचा टोला तपासला आणि शेजारचं बुद्धविहार राहिलं, असं व्हायला नको. दोन: कार्ड किती वाटले हे मोजता, तर वेदना किती कमी झाली हे कोण मोजणार? 2047 मध्ये सिकलसेलचं मूल जन्मू नये हे ध्येय ठेवताना, आज जन्मलेलं मूल रात्रभर तळमळतंय, ते मिशनमध्ये कुठे आहे?

कायद्याचंही तसंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हा मोठा विजय. पण त्याच कायद्याच्या नोकरी-आरक्षणाच्या कलम 34 मधल्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. आणि 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला काढायला गेलेल्या मुलाचा झटका त्या दिवशी नसतो. तो चालत आलेला दिसतो. डोळ्यांना न दिसणारी वेदना टक्क्यांत बसत नाही.

आपण काय केलं?

आता बोट स्वतःकडे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आणि प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतली. त्याच ब्लॅक पँथरवाल्यांनी 1971 पासून वस्त्या-वस्त्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली होती, मोफत दवाखाने चालवले होते आणि सरकार काळ्यांच्या आजाराकडे दुर्लक्ष करतं हे चव्हाट्यावर मांडलं होतं. 1972 मध्ये अमेरिकेला सिकलसेलवर राष्ट्रीय कायदा करावा लागला. आपण त्यांचा बाणा घेतला, कविता घेतली, घोषणा घेतल्या. त्यांचा दवाखाना घ्यायचा मात्र राहून गेला. तोच आजार आपल्याही रक्तात असताना.

14 एप्रिलला डीजेवर किती जातात, हे तुम्हीच मोजा. मी उत्सवाच्या विरोधात नाही, माझे पायही त्या मिरवणुकीत थिरकतात. पण एका रात्रीच्या डीजेच्या पैशांत एका तालुक्याच्या दवाखान्याला टेन्सची मशीनं, गरम पाण्याच्या पिशव्या आणि एक वेदना-नोंदवही देता येते. आणि एएस निघालेल्या मुलीचं स्थळ मोडणारे, तपासणीचा कागद पत्रिकेसारखा वापरणारे आपल्यातही आहेत. पत्रिका जाळल्या, त्या यासाठी?

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. गरिबाच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, यासाठीच तो उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवलं. ‘यांना सवय असते’ हा त्याच सिद्धांताचा सरकारी दवाखान्यातला अवतार आहे. आणि आजारी पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला बुद्धाने स्वतः धुऊन काढलं आणि भिक्खूंना बजावलं, की रुग्णाची सेवा हीच माझी सेवा. दुःख आहे हे मान्य करणं ही धम्माची सुरुवात. त्या मुलीचं दुखणं दवाखान्याने अजून मान्यच केलेलं नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आणि मोजता येतील अशा असू द्या:

1. सिकलसेलच्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर वेदनेचा आकडा लिहा. लहानांसाठी चेहऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावा. याला एक रुपयाही फारसा लागत नाही.
2. झटका घेऊन आलेल्या मुलाला पहिलं वेदनाशामक किती वेळात दिलं, याची नोंद ठेवा आणि ती रुग्ण कल्याण समितीपुढे मांडा.
3. उपजिल्हा रुग्णालयापर्यंत हायड्रॉक्सीयुरिया अखंड आणि मॉर्फिन नियमाप्रमाणे उपलब्ध ठेवा.
4. प्रत्येक सिकलसेल केंद्राला फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक द्या. टेन्सची मशीनं कपाटातून बाहेर काढा.
5. विदर्भातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत सिकलसेलच्या मुलांवर टेन्सचा रीतसर, नैतिक परवानगीने, पालकांच्या संमतीने अभ्यास करा. उपयोग झाला तर द्या, नाही झाला तर तसं सांगा. पण तपासा.
6. बौद्ध वस्त्यांचा तपासणीत स्पष्ट समावेश करा आणि कलम 34 मध्ये रक्ताचे आजार घाला.

तरुण साथींनो, पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं घ्या. आपल्या वस्तीत एसएस मुलं किती, त्यांना शेवटचा झटका कधी आला, दवाखान्यात किती वेळ थांबावं लागलं, हे एका वहीत लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज त्यानंतर. मोर्चा त्यानंतर. पहिली नोंद आपली असली पाहिजे.

ती मुलगी यंदा आठवीत गेली. परवा मी तिला विचारलं, तेव्हा एवढं दुखत होतं तर रडली का नाहीस? ती म्हणाली, “रडून पाह्यलं होतं ताई, लहान होती तवा. कोणी येत नाही.”

याला सवय म्हणत नाहीत.

जयभीम!